उजवीकडची जागा

१

जळगावला कापसाच्या गाड्या रिकाम्या केल्या की परतीच्या वाटेवर नशिराबादला दलिचंद शेटजींच्या ओसरीवर टेकायचं, चहा घ्यायचा, बैलांना पाणी दाखवायचं आणि मग पुढं निघायचं, हा सुकदेवचा त्या हंगामातला नेम होता. एका खेपेला चहाबरोबर कुत्राही पदरात पडला.

"सुकदेवभाऊ, याला तुम्ही घेऊन जा," शेटजी म्हणाले. "आम्ही चाललो जळगावला, नव्या घरात. वरचा मजला आहे. सायरबाई म्हणते, जिन्यात कुत्रा चालणार नाही. तुमचं काय, मळ्यातच घर. एक तोंड वाढलं तर काय बिघडतं?"

कुत्रा अंगणाच्या डाव्या भिंतीशी बसला होता. पिल्लूपण कधीच सरलेलं. अंगानं रुंद, रंगानं मळकट पांढरा, छाती भरलेली. माणूस आला म्हणून उठला नाही, भुंकला नाही.

"नाव काय याचं?"

"टायगर. पोरांनी ठेवलं. तो त्या नावाला ऐकत नाही, ते सोडा."

"मग कशाला ऐकते?"

"कशालाच नाही," शेटजी हसले. "पण खातो कमी आणि त्रास काही नाही. घरात असून नसल्यासारखा."

असून नसल्यासारखं एक माणूस सुकदेवच्या घरात आधीच होतं. त्याचे वडील, वना आबा. सुकदेवची बायको लताबाई तापानं गेली, त्याच साली विहिरीवर तेलाचं एंजिन बसलं. चाळीसेक वर्षं मोट हाकलेले आबा त्यानंतर खाटेवर बसले ते बसलेच. मोटेची जोडी सावद्याच्या बाजारात विकली त्या दिवशीही ते काही बोलले नाहीत. समोर येईल ते अर्धं खायचं, विचारलं तर हुं म्हणायचं. घर सांभाळायला आलेली सुकदेवची मोठी, विधवा बहीण बेबाबाई कितीदा म्हणाली होती, "आबाले कोनी सोबत पायजे रे. आपून दोघं कामात. त्याहीनं भिताडाशी बोलावं का?"

सुकदेवनं कुत्र्याला गाडीत घातलं. रिकाम्या गाडीत एवढी जागा असताना कुत्रा डाव्या कडेला सरकून उभा राहिला आणि घर येईपर्यंत तसाच उभा होता.

२

"हा? हा सोबत करीन?" बेबाबाईनं कुत्र्याला पाहून कपाळावर हात मारला. "याच्यापेक्षा तं आबा जास्त बोलतेत."

पण तिनं त्याला भाकरी कुस्करून ताक घातलं आणि खाटेपाशी पोतं अंथरून दिलं. कुत्रा पोत्यावर बसला नाही. खाटेच्या डाव्या अंगाला, दोन हात सोडून बसला. आबांनी मान वळवली. बराच वेळ ते त्याच्याकडे पाहत राहिले. मग सुकदेवला म्हणाले, "छाती चांगली आहे."

कित्येक महिन्यांनंतर आबांच्या तोंडून निघालेलं ते पहिलं सबंध वाक्य. बेबाबाई पदर तोंडाला लावून आत गेली.

मोठा कुत्रा घरात आणला की तो आपल्या जुन्या घराच्या सवयी घेऊन येतो, हे सुकदेवला माहीत होतं. या कुत्र्याच्या सवयी निरुपद्रवी होत्या. तो कुणाच्या पायात येत नसे. चूल, देव्हारा, तुळस यांच्याकडे फिरकत नसे. एवढंच की तो चालायचा ते कायम कशाच्या तरी डावीकडून. दारातून आत यायचं तरी उंबऱ्याचा डावा अर्धा भाग त्याचा. बांधावरून निघाला तर बांधाच्या डाव्या काठानं. समोरून कुणी आलं तरी आपल्या उजवीकडच्या मोकळ्या जागेत तो सरकत नसे. थांबायचा, वाट पाहायचा, पण मधे यायचा नाही.

"नवरदेवासारखा चालते बाप्पा," बेबाबाई हसायची. "शेजारी नवरी असल्यासारखा. ओ जावाईबुवा, सरका थोडं, मले घागर नेऊ द्या!"

तीही मग घागर घेऊन त्याच्या डाव्या बाजूनं, भिंतीला घासून जायची. उजवीकडून का गेली नाहीस, असं सुकदेवनं एकदा विचारलं तेव्हा ती चमकली. "मले काय माहीत," म्हणाली. "तिकून जावंसं नही वाटलं."

आबा आता भाकरी पुरी खात होते. सकाळी काठी घेऊन उठत होते, कुत्र्यामागं बागेत चक्कर मारून येत होते. घरात पुन्हा कुणाच्या तरी खाकरण्याचा, खडावांचा आवाज येऊ लागला. लताबाई गेल्यापासून सुकदेव मधल्या खोलीत निजत नव्हता, ओसरीवरच पथारी टाकायचा. पहाटे तो खडावांचा आवाज कानी पडला की त्याला बरं वाटायचं, आणि बरं वाटल्याबद्दल किंचित वाईटही.

३

थंडी संपत आली होती. केळीच्या बागेला पाणी चालू होतं. दुपार कलल्यावर सुकदेव एंजिन बंद करून येत होता, तेव्हा जुन्या विहिरीकडे त्याची नजर गेली.

विहीर तीच होती. एंजिन पलीकडच्या काठाला, मोटेची जागा अलीकडे. मोटेचं चाक काढून कोठीत ठेवलेलं, पण ते ज्यावर फिरायचं ती दोन लाकडं अजून काठावर उभी होती. पुढं दगडी थारोळं, म्हणजे मोट जिथं रिकामी व्हायची ती कुंडी. आणि विहिरीपासून खाली उतरत गेलेली धाव. बैल त्या उतारावरून मोट ओढत खाली जायचे आणि मोट परत विहिरीत सोडायला तसेच मागं मागं, पाठमोरे, एकेक पाऊल टाकत वर यायचे. आता धावेवर गवत माजलं होतं.

कुत्रा धावेवरून खाली चालला होता. हळू, मान खाली घालून. शेवटापर्यंत गेला. थांबला. सुकदेवला वाटलं, आता वळेल. तो वळला नाही. त्यानं मागचा एक पाय मागं टाकला, मग दुसरा, मग पुढचे. तोंड खालीच ठेवून, पाठमोरा, तो चढ चढू लागला.

सुकदेव केळीच्या खांबाला हात टेकून उभा राहिला. कुत्रा कधी असा मागं चालतो का? भ्यायला तर दोन पावलं. हा अख्खी धाव मागं चढत विहिरीच्या लाकडांपर्यंत आला, क्षणभर थांबला आणि पुन्हा उतरू लागला.

थारोळ्याच्या कठड्यावर आबा बसले होते. कुत्र्याकडे पाहत नव्हते. विहिरीत पाहत होते.

सुकदेव व्हर्नाक्युलर फायनल झालेला माणूस होता. रोज वर्तमानपत्र मागवायचा, गावातली भुताखेतांची गोष्ट हसण्यावारी न्यायचा. त्यानं उत्तर काढलं: शेटजींकडं येण्याआधी कुत्रा कुणाच्या तरी मळ्यात वाढला असणार. तिथं मोट असणार. बैलांबरोबर चालून चालून त्याला ती चाल लागली असणार. उत्तर चांगलं होतं. त्यानं ते बेबाबाईलाही सांगितलं.

"आसंन," ती म्हणाली. "मंग बैल मागं येतांनी कुत्रं मधात कशाले उभं राहीन? त्याहीच्या पायाखाली जाईन नं ते. ते बाजूनं चालीन, सरळ पुढं तोंड करून."

सुकदेवनं जेवण पुरं केलं आणि हात धुवायला उठला.

४

दुसऱ्या दिवशी तो मुद्दाम धावेवर गेला. डाव्या अंगाला गवत पार झिजून माती उघडी पडली होती, गुळगुळीत, जशी जनावराच्या रोजच्या वाटेवर होते तशी. उजव्या अंगाला गवत गुडघाभर उभं होतं.

फाल्गुन लागला. बेबाबाईनं कुत्र्याच्या मानेला हळद-तेल लावायला सुरुवात केली. मानेवर, खांद्यांच्या वर, केस गेले होते आणि कातडीला घट्टा पडला होता. "गोचीड असंन," ती म्हणाली. सुकदेवनं बोट लावून पाहिलं. गोचीड नव्हती. असा घट्टा त्यानं लहानपणापासून पाहिला होता. तो बैलांच्या मानेवर, जू बसतं तिथं असतो.

मग धोतराची गोष्ट झाली. बेबाबाई धुणं घेऊन पाटावर बसली होती, ती तशीच उठून आली.

"हे पाह्य. आबाच्या धोतराले रोज काय लागते?"

धोतराच्या बसायच्या भागावर ओल्या मातकट रेघा होत्या आणि वाखाचे तंतू अडकले होते, दोराचे असतात तसे.

"थारोळ्यावर बसतेत ते," सुकदेव म्हणाला.

"थारोळं दगडाचं आहे. दगडाले काय वाख फुटला?"

मोट हाकणारा माणूस उतारावर बैल खाली निघाले की मागच्या ताणलेल्या दोरावर, नाड्यावर, बसतो. आपलं वजन टाकतो म्हणजे बैलांना ओढ हलकी होते. हे घरातल्या कुणालाच सांगायची गरज नव्हती. सुकदेव कोठीत गेला. नाडा आढ्याच्या खुंटीला वेटोळं करून टांगलेला होता. त्यावर धूळ होती, कोळ्यानं जाळं धरलं होतं. त्यानं हात लावला. कोरडा, ताठ.

तो बाहेर आला तेव्हा बेबाबाई दारात उभी होती. "आहे का नाडा?"

"आहे."

"मंग?"

"मंग काही नही अक्का. धोतर धू."

५

चैत्रात आबा धावेवर पडले. कोपर सोललं, गुडघा सुजला. फैजपूरच्या डॉक्टरांनी पट्टी बांधली, छातीला नळी लावून बराच वेळ ऐकलं आणि सुकदेवला बाजूला घेऊन सांगितलं, की हृदय थकलंय. उन्हात जाऊ देऊ नका, श्रम होऊ देऊ नका, पुन्हा पडले तर सांगता येत नाही.

खाटेवर पडल्या पडल्या आबा मात्र खुशीत होते. गालांवर रंग होता.

"आबा, पडले कसे तुम्ही?"

"कलंडलो."

"कशावरून?"

आबांनी त्याच्याकडे पाहिलं, जणू मोटेवर वाढलेल्या पोरानं हा प्रश्न विचारावा याचं त्यांना नवल वाटत होतं. "ओढ एका अंगाले येते रे. गडी जीव लावून ओढते, पन एकटा किती ओढीन? नाडा सरकते. उजवीकून कोनी पायजे." मग आवाज खाली आणून, हिशेब समजावल्यासारखं म्हणाले, "तिकून कोनी लागला तं बाग भिजून जाईन उन्हाळाभर."

"बागेले एंजिन आहे आबा."

"आहे नं," आबा म्हणाले. "असू दे त्याले."

त्या संध्याकाळी सुकदेवनं कुत्र्याला गोठ्यात साखळीनं बांधलं. कुत्र्यानं विरोध केला नाही. फक्त साखळी पुरेल तेवढं पुढं जायचं आणि पाठमोरं परत यायचं, असं त्याचं चालू राहिलं. आणि आबांनी पुन्हा भिंतीकडे तोंड केलं. भाकरीला हात लावेनात. दुधाचा पेला तसाच परत जाऊ लागला. चार दिवसांत चेहरा उतरला, डोळे खोल गेले.

लताबाईच्या वेळी सुकदेवला काही ठरवावं लागलं नव्हतं. ताप चढत गेला, डॉक्टर आले, ती गेली. आता ठरवायचं होतं आणि दोन्ही बाजूंना एकच गोष्ट उभी होती. कुत्रा सोडला तर आबा धावेवर जाणार आणि कधीतरी कलंडणार, मागं विहीर. बांधून ठेवला तर इथंच, डोळ्यांसमोर, विझत जाणार. तो ओसरीवर बसून होता. गोठ्यातून साखळी वाजत होती. पुढं, थांब, मागं, थांब. किती वेळ ऐकत होतो ते त्याला कळलं नाही. पण त्याचा उजवा पाय त्या ठेक्यात जमिनीवर सरकत होता, हे त्याला कळलं आणि त्यानं तो हातानं धरून थांबवला.

६

कुत्रा शेटजींनी परत घ्यावा, निदान तो आला कुठून ते सांगावं, म्हणून सुकदेव जळगावला गेला. जाताना बेबाबाईला बजावलं, "काही झालं तरी साखळी सोडू नको."

दलिचंद शेटजींनी नव्या घराच्या गच्चीत बसवलं, सरबत मागवलं. परत घ्यायचं नाव काढताच कान पकडले. "सायरबाई मला बाहेर काढेल, कुत्र्याला नंतर."

"बरं, तुमच्याकडं यायच्या आधी कोणाच्या मळ्यात होता तो?"

"मळ्यात? छे छे. आमच्याच ओसरीखाली जन्मला. त्याची आई तिथंच मेली. अंगणाबाहेर म्हणाल तर पाऊल नाही टाकलं त्यानं. विहीरसुद्धा पाहिली नसेल, आमच्याकडं तर हातपंप."

"मग तो मागं मागं चालायचा, ते?"

शेटजींच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं, पण डोळ्यांत काही समजल्याची खूण दिसली नाही. "मागं? कुत्रा मागं कशाला चालेल, सुकदेवभाऊ?"

"आणि डावीकडूनच चालायचा?"

"सगळीकडून चालायचा. पायात यायचा पोरांच्या." मग त्यांना आठवलं. "तुम्ही पहिल्यांदा आलात ना, चहा प्यायला, गाड्या बाहेर उभ्या करून, त्या दिवशी तो भिंतीशी जाऊन बसला. तुमच्याकडं पाहत. तेव्हापासून गप्प झाला. मी म्हटलं, म्हातारा झाला असेल."

सुकदेवनं सरबत अर्ध्यावर ठेवलं आणि निघाला; शेवटची एस. टी. सुटली होती, म्हणून रात्र स्टँडवर काढून सकाळी मिळाली ती पकडली.

७

दुसऱ्या दिवशी तो मळ्यात पोचला तेव्हा ऊन माथ्यावर होतं. एंजिन बंद. एंजिनवाला झुलाल जेवायला घरी गेला असावा. केळीची पानं शिरेपासून दुमडून लोंबत होती. कुठं पाखराचा आवाज नव्हता.

खाट रिकामी होती. गोठ्यात साखळी होती, कुत्रा नव्हता. बेबाबाई चुलीपुढं बसली होती. त्याला पाहून तिनं तोंड फिरवलं.

"सोडला मीच," ती म्हणाली. "काल सांजी त्याहीचा श्वास लागला व्हता रे. माह्याच्यानं पाहवलं नही. कुत्रा सोडला अन् उठून बसले, दोन भाकरी मांगून खाल्ल्या. दोन! मी काय करू, तूच सांग."

 तो बागेतून पळत सुटला. वाळकी पानं पायांखाली मोडत होती, म्हणून आधी त्याला ऐकू आलं नाही. मग तो थांबला आणि ऐकू आलं. थारोळ्यात पाणी पडल्याचा आवाज. एकदाच, भरून. मग पाटातून ते वाहत गेल्याचा.

शेवटच्या केळीच्या ओळीतून त्याला धाव दिसली.

कुत्रा उतरत होता. मान जमिनीला लागलेली, मागचे पाय मातीत रुतलेले, पोट आत ओढलेलं. एवढी ओढ कुणी काही नसलेल्या गोष्टीला लावत नाही. त्याच्या मागं आबा होते. चालत नव्हते. बसले होते. एका पायावर दुसरा टाकून, दोन्ही पाय जमिनीपासून हातभर वर, आणि खाली काही नव्हतं. ऊन होतं, उतार होता, आणि त्या उतारावरून ते तसे बसल्या बसल्या खाली येत होते.

आणि ते उजवीकडं कलत होते. एक हात हवेत काहीतरी घट्ट धरून होता, दुसरा आधार शोधत होता. चेहऱ्यावर भीती नव्हती, फक्त कामात अडचण आल्याचा वैताग. आणखी थोडं कलले असते तर संपलं होतं.

हाक मारावी, म्हणून सुकदेवनं तोंड उघडलं आणि मिटलं. हाकेनं कुत्रा थांबला असता. आणि मोटेवर वाढलेल्या कुणालाही विचारा, अर्ध्या धावेवर जनावर थांबलं तर भरलेली मोट सगळ्यांना मागं खेचते, जनावराला आणि नाड्यावर बसलेल्या माणसाला, थेट विहिरीपर्यंत. इथं मोट नाही, हे तो स्वतःला सांगत होता. चाक नाही. नाडा कोठीत आहे. एकेक गोष्ट खरी होती. आबांचे पाय जमिनीपासून हातभर वर होते.

मग तो धावला आणि कुत्र्याच्या उजवीकडं शिरला.

मानेवर काहीतरी बसलं. जड नव्हतं फार. ओळखीचं वाटलं. त्यानं खांदा वाकवला, पाय रोवले आणि ओढलं, आणि शेजारी कुत्र्यानं एक लांब श्वास सोडला. ओढ निम्मी झाली. दोघं बरोबर उतरू लागले, एका पावलानं. मागं आबा सरळ झाले असावेत, कारण ते हसले. कितीतरी वर्षांत न ऐकलेलं ते पोटातलं हसू होतं.

"आता कसं!" ते म्हणाले.

धावेच्या टोकाला दोघं थांबले. मागं थारोळ्यात पाणी कोसळलं. आबांनी जिभेनं टकटक केली, मागं फिरण्यासाठी करतात तशी.

वळून पाहा, सुकदेवची बुद्धी सांगत होती. एकदा वळून पाहिलंस की काही नसेल. आबांना हाताला धर आणि घरी ने. शेजारी कुत्र्यानं मागचा पाय मागं टाकला होता आणि तो वाट पाहत होता.

"सुकदेव!" घरातून बेबाबाईची हाक आली. "आबा सापडले का रे? पानं वाढू का?"

ओ द्यावी म्हणून त्यानं मान उचलली. मान उचलली गेली नाही. समोर फक्त माती होती आणि त्याचे स्वतःचे पाय. त्यानं एक पाय उचलून मागं टाकला.

"वाढ वं बेबा, झाकून ठेव," मागून आबांचा भरदार आवाज आला. "दोघं सोबत येतो. एवढी बाग भिजू दे."